या आठवड्याचा जिना तुमचा

जुलै उजाडला की फोनवर निरोप यायला लागतात. सातारा, पुणे, कोल्हापूरहून जर्मनीला शिकायला निघालेली मुलंमुली विचारतात: प्रेशर कुकर घ्यावा का, गोडा मसाला किती न्यावा, थंडीचं जाकीट इथूनच घेऊ की तिकडे गेल्यावर? व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे ११,९०४ युरो कसे उभे करायचे, हाही प्रश्न असतो आणि तो फार खरा असतो. त्यापायी कुणाच्या घरी जमीन, कुणाच्या घरी दागिने गहाण पडलेले असतात. या सगळ्याची उत्तरं मिळतात. परक्या शहरात शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण तो प्रश्न पडायलाच आधी तिथे राहावं लागतं.

मी स्टुटगार्टच्या विद्यापीठात पायाभूत सुविधांचं नियोजन शिकते. पाणी, कचरा, रस्ते, वाहतूक हे माझे विषय, त्यामुळे शहर न्याहाळायची सवयच लागली आहे. स्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी. सहा लाखांच्या आसपास वस्ती, चहूकडून टेकड्या, आणि टेकड्यांवरचे द्राक्षमळे पार रेल्वे स्टेशनाजवळ उतरलेले. मर्सिडीज, पोर्श आणि बॉश इथल्या. मुंबईशी या शहराचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे. पण रोजच्या जगण्यात दोन्हीकडच्या रीती इतक्या वेगळ्या, की पहिलं वर्ष मी नुसती बघत होते.

त्यातून जे कळलं ते पुढे लिहिते. सगळ्याच्या तळाशी मला एकच गोष्ट दिसते: इथली माणसं एकमेकांची काळजी तोंडाने घेत नाहीत, पाळ्या लावून, पाट्या लावून, वेळा ठरवून घेतात. हे ध्यानात येईपर्यंत शहर कोरडं वाटतं. आल्यावरही काही गोष्टी खुपतात, त्याही लिहिते.

१. आधी दारावर नाव लावा

जर्मन पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, घरक्रमांक, पिनकोड, शहर, संपलं. इमारतीत दहा बिऱ्हाडं असली तरी टपालवाला आडनाव बघून पत्र टाकतो. तुमचं आडनाव पत्रपेटीवर आणि घंटीच्या बटणाशेजारी नसलं, तर पत्र परत जातं. आणि इथे सगळं पत्रानेच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, आरोग्य विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. (ती महिना १८.३६ युरो, घरटी. टीव्ही नसला तरी भरावीच लागते.) घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो आणि त्या नोंदीच्या कागदाशिवाय पुढचं पान हलत नाही. म्हणून सामान उघडण्याआधी घरमालकाकडून नावाची पट्टी मागून घ्या. चिकटपट्टीवर लिहून लावलंत तरी तात्पुरतं भागतं.

साताऱ्यात आमच्या घरी पत्र यायला ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढं पुरतं. पोस्टमन माझ्या आजोबांना ओळखायचा, आम्हा भावंडांपैकी कोण कितवीत आहे हेही त्याला ठाऊक असायचं. तिथे माणूस आधी कळतो, कागदावरचं नाव मागाहून. इथे नाव आधी. जिन्यात पहिल्यांदा ज्या बाई भेटल्या त्यांनी मला ‘फ्राउ’ लावून आडनावाने हाक मारली. पत्रपेटीवर वाचलं होतं त्यांनी. उच्चार बरोबर होतोय का, एवढंच विचारलं आणि दोनदा म्हणून बघितलं. कुठून आलीस, वडील काय करतात, लग्नाचं काय, यातलं काही नाही. तेव्हा मला ते तुटक वाटलं होतं. आता वाटतं, तीन जोडाक्षरांचं परकं आडनाव नीट म्हणता यावं म्हणून जिन्यात उभं राहून धडपडणं, हीच त्यांची विचारपूस होती.

२. जिना सगळ्यांचा, म्हणून दर आठवड्याला कुणा एकाचा

या भागातली, म्हणजे श्वाबियन लोकांची, एक रीत आहे: केअरवोखे. एका सोमवारी सकाळी दाराच्या मुठीला छोटी पाटी लटकलेली दिसते. शेजाऱ्यांची पाळी संपली, आता तुमची. आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना या आठवड्यात तुम्ही झाडायचा आणि पुसायचा, मग पाटी पुढच्या दाराला अडकवायची. ही झाली लहान पाळी. मोठी पाळी आली की इमारतीपुढची फरसबंदी, कचऱ्याच्या पेट्यांची जागा, तळघराकडे जाणारा बोळ, आणि हिवाळ्यात सकाळी लवकर उठून पायवाटेवरचा बर्फ काढणं. भाडेकरारात हे लिहिलेलं असतं.

रीत जुनी आहे. ट्युबिंगनचं विद्यापीठ १४७७ मध्ये ज्याने स्थापन केलं, त्या काउंट एबरहार्डच्या काळात, १४९२ मध्ये, स्टुटगार्टच्या नगरनियमांत प्रत्येकाने आपल्या दारची घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असा दंडक आला. गावात गुरंढोरं होती, गल्ल्या कच्च्या होत्या, रोगराई होती. पुढे पाचशे वर्षं तो या ना त्या रूपात टिकला. शहराने केलेली सक्ती १९८८ मध्ये उठली, पण भाडेकरारांत आणि लोकांच्या अंगवळणी पाळी राहिली ती राहिलीच.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहतात. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणते. समोर अर्थातच फ्राउ आणि आडनाव. पाटी पहिल्यांदा माझ्या दाराला आली तेव्हा मी त्यांनाच विचारायला गेले, की इथे नेमकं कसं करतात. त्या एप्रन बांधूनच वर आल्या. आधी दारांपुढची पायपुसणी उचलून भिंतीशी उभी केली. मग हातझाडू घेऊन प्रत्येक पायरीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यापासून मधोमध केर ओढला, कारण धूळ बसते ती कोपऱ्यात, आणि बघणाराही बघतो तो कोपराच, असं त्या म्हणाल्या. केर सुपलीत. मग कठडा ओल्या फडक्याने, वरून आणि खालूनही, जिथे चढताना बोटं टेकतात तिथे. मग बादली. फडकं घट्ट पिळून, वरून खाली, पाठमोरं उतरत एकेक पायरी. जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावरच्या कुंडीखालचा ओला गोल त्यांनी शेवटी पुसला. कंबर दुखत असणार, पण खाली पोहोचेपर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत.

मी त्या दिवसापासून आपल्याकडच्या सोसायट्यांचा विचार करते आहे. आपली घरं आरशासारखी लख्ख असतात आणि उंबरठ्याबाहेरचं सगळं कुणी तरी ‘बाई’ किंवा ‘मामा’ झाडतात. महिन्याला त्यांना काय मिळतं ते कमिटीला ठाऊक असतं. पुष्कळदा त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. इथे तिसऱ्या मजल्यावर मोटार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ राहतात आणि शनिवारी सकाळी बाह्या सारून तेही जिना पुसतात. ते बघताना मला त्यांच्याविषयी जेवढा आदर वाटला, तेवढीच आपल्या जिन्यांची लाज वाटली. झाडणाऱ्याची जात आपल्याकडे अजून ठरलेली आहे. पाळी लागली असती तर ती ठरून राहिली नसती.

या रीतीची दुसरी बाजूही असते. पाळी चुकली की सूचनाफलकावर, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल अशी, चिठ्ठी लागते. नव्या इमारती सफाईच्या कंपनीला पैसे देऊन मोकळ्या होतात, आणि बरेच तरुण या प्रकाराला कंटाळलेले आहेत. तरी मला विचाराल तर घर बघताना पाळी असलेलीच इमारत घ्या. शेजाऱ्यांशी बोलायला निमित्त मिळतं, आणि निमित्ताशिवाय इथे कुणी बोलत नाही.

३. रविवारची तयारी शनिवारी

रविवारी दुकानं बंद. किराणा बंद, कपड्यांची बंद, मॉल बंद. स्टेशनातली थोडी दुकानं, पेट्रोलपंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या, एवढंच उघडं. हा नुसता रिवाज नाही. १९१९ च्या वायमार घटनेतलं रविवारच्या विश्रांतीला संरक्षण देणारं कलम १९४९ च्या जर्मन घटनेने तसंच्या तसं उचललं, ते आजही लागू आहे. रविवारी ड्रिल मशीन चालवत नाहीत, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकत नाहीत कारण खळ्ळकन आवाज होतो, आणि आमच्या इमारतीत कपडे धुण्याचं यंत्रही लावत नाहीत. म्हणून दूध, कांदे, ब्रेड शनिवारी संध्याकाळी आणून ठेवा. तेव्हा रांगा लांब असतात.

पण वाणसामानाची तयारी सोपी, मनाची अवघड. आपल्याकडे रविवार म्हणजे घर भरलेलं: मटणाचा वास, आत्या-मामांची ये-जा, दुपारची सगळ्यांची झोप. इथल्या रविवारी दुपारी रस्त्यावर शुकशुकाट असतो, आणि परगावच्या मुलामुलींना एकटेपणा येतो तो परीक्षेच्या दिवसांत नाही, या दुपारी येतो. मी वर्गातल्या कितीतरी जणांना रविवारी खचलेलं पाहिलं आहे. चांगली हुशार, धीट मुलं. त्यावर मला एकच उपाय सापडला. इथली माणसं करतात तेच करायचं, चालायला बाहेर पडायचं. टेकड्यांवर चढणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटांना इथे श्टेफेले म्हणतात. त्या चारशेच्या वर आहेत, पूर्वी द्राक्षमळ्यांत जाण्यासाठी बांधलेल्या. रविवारी सगळं शहर त्यांवर असतं, म्हातारी माणसं काठ्या घेऊन, बाप मुलांना खांद्यावर घेऊन. अनोळखी माणूस तुम्हाला वाटेवर ‘ग्र्युस गॉट’ म्हणतो. खाली बाजारपेठेत तोच माणूस म्हणणार नाही. मग वर बाकावर बसून घरी फोन लावायचा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. आई तेव्हा देवापाशी दिवा लावून मोकळी झालेली असते.

४. पैसे न देता बसायच्या जागा हेरून ठेवा

खोली लहान, कॉफी महाग. शहर वाचनालय शोधा. माइलँडर प्लात्सवरची ती पांढरी चौकोनी इमारत, २०११ मध्ये उघडलेली, कोरियन वास्तुकार उन यंग यी यांची. चार भिंतींवर चार भाषांत ‘वाचनालय’ लिहिलेलं आहे: जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन. आत जायला कार्ड लागत नाही, कुणी हटकत नाही. बेघर माणसंही थंडीत वर्तमानपत्र घेऊन शांत बसलेली असतात. तसंच शहरातल्याच बाड कान्श्टाट भागात जा. युरोपात बुडापेस्टनंतर खनिज पाण्याचे एवढे झरे इथेच आहेत आणि त्यांच्या सार्वजनिक तोट्यांवर लोक बाटल्या भरून नेतात. पाण्याला लोखंडाची चव आहे. मला आवडली.

५. थंडीतही खिडकी सताड उघडा

जानेवारीत बाहेर उणे पाच आणि सकाळी उठल्यावर घरोघरी खिडक्या सताड उघडलेल्या. पाच-दहा मिनिटं, मग बंद. संध्याकाळी पुन्हा. भाडेकरारात याचाही उल्लेख सापडेल. कारण साधं आहे: श्वासाची, आंघोळीची, शिजवण्याची वाफ बंद खोलीत साठते, गार भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ती धरली की घरमालक अनामत रकमेतून पैसे कापतो. खिडकी जराशी कलती ठेवून दिवसभर सोडण्यात ऊब जाते आणि हवाही धड बदलत नाही.

आपण भात शिजवतो, डाळ उकळतो, लसणीची फोडणी देतो, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरात वाफ जास्त. फोडणी घालण्याआधी खोलीचं दार लावा, धुराचा भोंगा बहुधा झोपायच्या खोलीत असतो. कोट, जाकीट स्वयंपाकघरापासून लांब, कपाटात. वासावरून मला कधी कुणी बोललं नाही. पण गाडीत शेजारी बसणाऱ्यालाही नाक असतं, हा विचार मी इथे करायला लागले.

६. तिकिटाला फाटक नाही

पिवळ्या श्टाटबानमध्ये चढताना तिकीट कुणी बघत नाही. फाटक नाही, शिपाई नाही. मधेच तपासनीस आले आणि तिकीट नसलं तर ६० युरो. देशभर सगळ्या लोकल आणि बसना चालणारं मासिक तिकीट १ मे २०२३ ला ४९ युरोंत सुरू झालं. २०२५ मध्ये ते ५८ झालं, २०२६ मध्ये ६३. विद्यार्थ्यांना सवलती आहेत, विद्यापीठात चौकशी करा. मारियनप्लात्सहून देगरलोखच्या टेकडीवर चढणारी दातेरी रुळांची गाडी, ‘त्साके’, १८८४ पासून चालते आणि पुढच्या डब्यावर सायकली लादून नेते. त्याच तिकिटात ती येते, तेव्हा एकदा तरी बसाच.

जर्मन गाड्या मिनिटाला टेकून धावतात, ही समजूत घरीच ठेवून या. शहरातल्या गाड्या बऱ्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून. आमच्या मुख्य स्टेशनाचं जमिनीखालचं काम २०१० पासून चालू आहे आणि उद्घाटनाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली आहे. नियोजनाच्या वर्गात आम्ही हेच प्रकरण अभ्यासतो: खर्च कसा फुगला, लोकांना आधी नीट न विचारल्याने २०१० मध्ये रस्त्यावर कसे मोर्चे निघाले. आपल्याकडच्या रखडलेल्या उड्डाणपुलांवरून मान खाली घालायची सवय लागलेल्या माझ्यासारखीला हा धडा मोलाचा वाटला. शिस्तीच्या देशातही माणसांना बरोबर घेतलं नाही की काम अडतं.

आणि एक सांगते. डब्यात एरवी कुणी कुणाशी बोलत नाही, फोनवर बोलणाऱ्याकडेही माना वळतात. पण एका संध्याकाळी विद्यापीठाकडून येणारी एस-बान बोगद्यात थांबली आणि थांबूनच राहिली. थोड्या वेळाने समोरच्या बाईंनी सुस्कारा टाकला, शेजारचा मुलगा हसला, आणि मग सगळा डबा बोलायला लागला. कुणाला बाळाला पाळणाघरातून आणायचं होतं, कुणाची पुढची गाडी चुकणार होती. एकाने पिशवीतलं ब्रेत्सल तोडून वाटलं. गाडी हलली तशी हळूहळू सगळी गप्प झाली. बोलकेपण त्यांच्यात आहे, भरपूर आहे. ते उगाच दुसऱ्याच्या अंगावर घालायचं नाही, अशी त्यांची रीत आहे.

७. नमस्कार कुठे करायचा

डॉक्टरांकडे बसायच्या खोलीत शिरताना सगळ्यांना मिळून ‘गुटन टाग’ म्हणायचं आणि निघतानाही निरोप घ्यायचा. आजारी माणसंही मान वर करून उत्तर देतात. लिफ्टमध्ये, लहान दुकानातही तसंच. तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवसही आधी देऊ नका, तो अपशकुन मानतात; आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा.

८. रिकामी बाटली पेटीच्या बाहेर ठेवा

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर किंवा कॅनवर इथे २५ सेंट अनामत आकारतात. हा कायदा २००३ पासूनचा. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. यंत्र बाटलीचा शिक्का वाचतं, म्हणून ती चेपू नका, वरचा कागद फाडू नका.

आपल्याकडे बाटली, रद्दी, डबे यांचा भाव भंगारवाला दारात येऊन ठरवतो, आणि आपण त्याच्याशी घासाघीस करतो. इथे भाव कायद्याने ठरलेला, सगळ्यांना सारखा. अभ्यासक म्हणून मला हे फार आवडतं. पण रात्री क्योनिगश्ट्रास या रस्त्यावरून चालताना दुसरं दृश्य दिसतं. नीटनेटका कोट घातलेले, केस विंचरलेले आजोबा हातात छोटी विजेरी घेऊन कचऱ्याच्या पेटीत वाकून बघत असतात. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात चार-सहा बाटल्या. जर्मनीतल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी हे एक, आणि इथेही निवृत्तिवेतन न पुरणारी माणसं आहेत. पेटीत हात घालताना काच लागते, लाज वाटते. म्हणून समजूतदार लोक बाटली पेटीत न टाकता शेजारी, खाली उभी करून ठेवतात.

मी तसंच करते. पण मनाचं समाधान होत नाही. पाळ्या आणि नियम यांनी इतकं नीट बांधलेलं शहर एका म्हाताऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता २५ सेंटसाठी वाकायला लावतं, याचा राग यायला हवा. आपल्याकडे मात्र कचरा वेचणाऱ्यांची संघटना पुण्यात उभी राहिली, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’, १९९३ मध्ये. पुढे त्यांच्या सहकारी संस्थेला महापालिकेचं कामही मिळालं. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा प्राध्यापकांनी सगळी चर्चा थांबवून मला पुन्हा नीट सांगायला लावलं. आपण शिकायला आलो आहोत हे खरं, पण सांगण्यासारखंही आपल्यापाशी आहे.

९. आजारी पडलात तर तोंडाने सांगा

ताप चढला, तोही रविवारी. औषधांची दुकानं बंद. पण प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर कागद असतो: आज रात्री कुठल्या दुकानाची पाळी आहे. त्या दुकानाची घंटी वाजवायची, औषधाच्या पैशांवर अडीच युरो जास्त द्यायचे. जिवावरचं नसेल पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे आकडे आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

कागद वाचून औषध मिळालं. तोंडाची चव गेलेली, अंगात उठायचं त्राण नाही, आणि मला जे हवं होतं ते कुठल्या कागदावर नव्हतं. साताऱ्यात माझं दार सकाळी उघडलं नसतं तर नऊच्या आत शेजारच्या काकू ‘काय गं, बरं नाही का?’ म्हणत आत आल्या असत्या, मागोमाग पेज आली असती. इथे कुणी येत नाही. न विचारता दार ठोठावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसणं, असं त्यांना मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशी मी खाली गेले आणि आजींना सांगितलं, मला बरं नाही. त्यांचा चेहरा पडला. आधी का नाही सांगितलंस, असं दोनदा म्हणाल्या. अर्ध्या तासात रश्श्याचं पातेलं आलं, भाज्यांचं, कारण मी मांस खात नाही हे त्यांनी कधी तरी कचऱ्याच्या पेटीशी झालेल्या बोलण्यातून ध्यानात ठेवलं होतं. मग रोज सकाळी आठला त्या फोन करत, मी बरी होईपर्यंत. ठरवून, आठला.

मागितलं की ही माणसं हात आखडता घेत नाहीत. पण आजारी माणसाला मागावं लागू नये, असं मला वाटतं. या एका बाबतीत आपली रीत सरस आहे आणि ती मी सोडणार नाही. वर्गात कुणी दोन दिवस दिसलं नाही तर मी जाऊन दार ठोठावते, मग ते जर्मन असोत, चिनी असोत की इराणी. आजवर कुणी रागावलेलं नाही.

१०. बोलवायचं तर तारीख आणि वेळ घालून

‘या कधी तरी घरी’ याला इथे काही अर्थ नाही. बोलावणं म्हणजे तारीख, किती वाजता, आणि शक्य तर किती वाजेपर्यंत. दिवाळीच्या तीन आठवडे आधी मी इमारतीतल्या सगळ्या पत्रपेट्यांत चिठ्ठी टाकली: फराळ, शनिवारी, चार ते सहा. चिठ्ठीला उत्तरंही चिठ्ठीनेच आली. शंकरपाळे आणि चिवडा मी केला, चकल्यांची भाजणी आईने साताऱ्याहून पाठवली होती. साच्यातून चकली पडताना बघायला दुपारी दोनलाच आजी परवानगी विचारून वर आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या.

चारला घंटी वाजली आणि सगळे एकदमच आत आले, कारण जो तो चारची वाट बघत आपापल्या दाराशी उभा होता. कुणी फुलं आणली, कुणी घरचा जॅम. दाराबाहेर पणत्या होत्या; जिन्यात आग नको म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने त्या खिडकीच्या कट्ट्यावर हलवल्या आणि मला त्या तिथे जास्त छान वाटल्या. चिवड्यातल्या कढीपत्त्याचं काय करायचं, हे मी दाखवलं. चकल्या सगळ्यात आधी संपल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, कांदेपोहे येतात का तुला? जर्मन बोलता बोलता मधेच स्वच्छ ‘कांदेपोहे’. ते नोकरीनिमित्त काही महिने चाकणला होते. पुण्यात राहत, रोज सकाळी रस्त्यावरच्या गाडीवर पोहे खात. इतके दिवस आम्ही एकाच जिन्याने चढत-उतरत होतो, एकाच बादलीने तो पुसत होतो. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. आपण होऊन सांगितलं तर तुला माझ्याशी बोलणं भाग पडेल असं वाटलं, म्हणाले.

सहाला सगळे उठले, बशा धुऊन गेले. ते मागे थांबले आणि कृती लिहून घ्यायला लागले: पोहे जाड की पातळ, भिजवायचे की नुसते धुवायचे, शेंगदाणे आधी की कांदा आधी. जाड पोहे इथे श्रीलंकेच्या तमिळ लोकांच्या दुकानात मिळतात, हे त्यांना माहीत नव्हतं. येत्या शनिवारी अकरा वाजता त्यांना तिथे घेऊन जायचं ठरलं आहे. जिन्याची पाळी त्या आठवड्यात त्यांची आहे, म्हणून अकरा. पुसून होईपर्यंत ते निघणार नाहीत.